पितळी डबीतल्या सहा रेघा

नागपूरच्या एका संस्थेने ते विद्युतचुंबक आमच्या कॉलेजला वापरायला दिलं होतं. अट साधी होती. दिवाळीनंतर त्यांचे दोन तज्ज्ञ चंद्रपूरला येतील आणि काम बघतील. काम दिसलं तर चुंबक इथेच राहील, नाही तर ट्रकमध्ये घालून परत नेतील.

मी एम.एस्सी. होऊन तिथे नुकताच डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो होतो, तेही तात्पुरता. माझं गाव चामोर्शीकडचं. गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता आणि आमच्या लोकांना अजून सवयीने 'चांदा जिल्हा' म्हणायची खोड होती. वडील आठवडी बाजारात शिलाई मशीन घेऊन बसायचे. उसवलेला सदरा शिवून दिला की त्याच्या घडीत एक पत्रक सरकवायचे. घरात पुस्तकं नव्हती, पत्रकंच होती. गुलाबी, पिवळ्या, पातळ कागदावरची. बोधी कशाला म्हणतात, मजूर कशाला म्हणतात, ग्रहणात खड्डा खणून अपंग माणसाला गळ्यापर्यंत पुरल्याने काही बरं होत नाही, हे सगळं मी त्यांतून शिकलो. त्या पत्रकांची एक रीत होती. वर प्रश्न, मधे खरी हकीकत, खाली उद्गारचिन्ह. खरं काय ते एकदा छापून सांगितलं की जग आपोआप सरळ होतं, अशी माझी त्या वयात खात्री होती. मी स्वतःही पत्रकं लिहायचो आणि उद्गारचिन्हांची काटकसर करायचो नाही.

फिजिक्सचे सर पन्नाशीचे होते. पूर्व विदर्भातल्या या टोकाच्या गावात बसून त्यांनी स्वतःच्या हाताने एक स्पेक्ट्रोमीटर उभा केला होता. त्यातला क्लायस्ट्रॉन, म्हणजे सूक्ष्मलहरी काढणारा दिवा, लष्कराच्या मोडीत निघालेल्या रडारमधला. लहरी वाहून नेणाऱ्या चौकोनी पितळी नळ्या कुठून कुठून जमवलेल्या. आणि चुंबकाच्या दोन ध्रुवांच्या मधे बसणारी, नमुना ठेवायची पितळी पोकळी त्यांनी गावातल्या एका लेथवाल्याकडून, त्याच्या डोक्यावर उभं राहून करवून घेतलेली. पुस्तकात तिला कॅव्हिटी म्हणतात. आम्ही डबी म्हणायचो.

पहिल्याच दिवशी सरांनी मला ते समजावलं. पदार्थातले बहुतेक इलेक्ट्रॉन जोडीने राहतात आणि जोडीत एकाचं चुंबकत्व दुसरा मारून टाकतो. पण कुठे बंध तुटलेला असला की एखादा इलेक्ट्रॉन एकटा पडतो. तो इवल्याशा चुंबकासारखा वागतो. नमुना काचेच्या बारीक नळीत भरून डबीत ठेवायचा, सूक्ष्मलहरी सोडायच्या आणि बाहेरून चुंबकाचा जोर हळूहळू वाढवत न्यायचा. एका विशिष्ट जोराला हे एकटे इलेक्ट्रॉन लहरी गिळतात. त्या क्षणी कागदावर सरळ चाललेलं पेन एकदा वर, एकदा खाली झटका मारतं. तीच रेघ. रेघ कुठे आली, किती रुंद आली, यावरून पदार्थाच्या पोटात काय आहे ते कळतं.

"आणि कोळसा म्हणजे तुटलेल्या बंधांचं गाठोडं," सर म्हणाले. "आपण कोळशावर बसलेलो आहोत. मग त्याच्यासाठी नागपूरला का जायचं?"

मला हे वाक्य एखाद्या पत्रकाच्या मथळ्यासारखं वाटलं. मी त्या क्षणापासून सरांचा झालो.

पण आमचं पेन थरथरायचं. कोळशाची रेघ यायला हवी तिथे नुसती कापरं भरल्यासारखी रेषा. उन्हाळ्यात क्लायस्ट्रॉन तापून भरकटायचा, म्हणून आम्ही सकाळी लवकर काम करायचो. पावसाळ्यात दमटपणा. वीज कमीजास्त व्हायची, आणि तेही औष्णिक केंद्राच्या चिमण्या खिडकीतून दिसत असताना. मावसभावाने खाणीतून आणून दिलेला कोळसा वाटून वाटून मी खल झिजवला, पण थरथरीतून रेघ काही डोकं वर काढेना. रिकामी नळी घातली तरी तशीच थरथर, कोळसा घातला तरी जवळजवळ तशीच. डबीने लहरी नीट धरून ठेवायला हव्यात, आपली डबी गळकी आहे, असं सर म्हणायचे. चांदीचा मुलामा द्यायचं त्यांच्या मनात होतं. ते जमत नव्हतं.

खोलीत तिसरं माणूस होतं ते प्रयोगशाळेतले शिपाई. पोंभुर्ण्याकडचे, धानशेतीवाल्या घरातले. त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो. चुंबक थंड ठेवायला त्यातून सतत पाणी खेळवावं लागे, म्हणून भाऊंनी त्याचं नाव म्हैस ठेवलं होतं.

"दूध तं देत नाई, पाणी मात्र टाकीभर पिते," ते म्हणायचे. "सर, हिले बाजारात नेऊन पाहू का?"

पण तिची निगा भाऊंइतकी कोणी राखली नाही. मी जेवायला गेलो की ते जुन्या धोतराच्या फडक्याने नळ्या पुसत बसलेले असायचे.

खंडेनवमीच्या सकाळी भाऊ अंघोळ करून, कपाळाला गंध लावून आले. दरवर्षी ते प्रयोगशाळेतल्या तराजूपासून व्होल्टमीटरपर्यंत सगळ्यांची पूजा मांडायचे. त्या वर्षी चुंबक नवं होतं, म्हणून थाट मोठा होता. झेंडूची माळ माझ्या हातात देऊन म्हणाले, "घ्या बाबू. नारळ तुमच्या हातानं फोडा. रोज तुम्हीच तं चालवता हिले."

"भाऊ, मी नाही करत पूजा. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत हाय गा. म्हणून तं इचारलो. वर्षातून एक डाव माणूस बदलून पाहते."

"यंत्राला हळद लावून ते चालत नसतं. विज्ञान शिकवायच्या खोलीत हे व्हायलाच नको."

"पूजा नाई करत, मंग परसाद तं खासान ना?"

"खाईन."

"पाहा सर," भाऊ सरांकडे वळून म्हणाले, "तत्त्व पक्कं हाय, पण पोटाचं खातं अलग ठेवलं बाबूनं."

सर मनापासून हसले. मीही हसलो. माझ्या वाटचं खोबरं राखून ठेवायला सांगितलं, पत्रकांचा गठ्ठा पिशवीत कोंबला आणि स्टँडवर गेलो. दसऱ्याला दीक्षाभूमीवर माणसांचा समुद्र असतो. तिथे पत्रकं वाटायची म्हणून आम्ही काही पोरं नागपूरला चाललो होतो. मागे खोलीत काय चाललं ते मी पाहिलं नाही. पुन्हा तोच दिवस आला तर मी पुन्हा नागपूरलाच जाईन. पण मी त्या सकाळी तासभर तिथे असतो तर एक गोष्ट मला दिसली असती, ही हळहळ तत्त्वाने काही कमी होत नाही.

परत आल्यावर पहिल्याच सकाळी कोळशाची नळी डबीत सोडली आणि चुंबकाचा जोर वाढवायला घेतला. पेन सरळ चाललं. थरथर जवळजवळ नव्हतीच. मग त्याने झटका मारला. मी म्हटलं, आली. पण ते थांबलं नाही. थोडं पुढे जाऊन दुसरा झटका, मग तिसरा. मग मधोमध एक मोठी, ठसठशीत रेघ. आणि पलीकडे पुन्हा तीन. मधे कोळसा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तीन तीन, सारख्या अंतराने, रांगेत उभ्या केल्यासारख्या.

सर धावत आले. कागद हातात घेऊन उभेच राहिले.

"मँगनीज," ते हळूच म्हणाले. "सहा रेघा म्हणजे मँगनीज. चुनखडीत शिरलेलं मँगनीज असंच दिसतं."

चंद्रपूरच्या जमिनीत कोळशाच्या शेजारीच चुनखडी आहे. ते सगळ्यांना माहीत होतं, सिमेंटचे कारखाने त्यावरच उभे आहेत. सरांच्या मनात एका मिनिटात सगळं जुळलं. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथलं जंगल बुडालं, दबलं, आणि त्यातून चुन्याचं पाणी झिरपत राहिलं. त्या पाण्याची खूण आपल्या कोळशाने पोटात जपून ठेवली आहे. त्यांनी फळ्यावर जंगल काढलं, पाणी काढलं, बाण काढले. अकरावीची पोरं दारातून डोकावत होती, त्यांनाही आत बोलावून सांगितलं. इतकं बोललेलं मी त्यांना पुन्हा कधी ऐकलं नाही. मीही काही कमी पेटलो नव्हतो. 'चंद्रपूरच्या कोळशाने तोंड उघडलं!' असा मथळा मनात तयारच होता.

थरथर का गेली, हे आम्ही एकमेकांना विचारलं नाही. थंडी पडायला लागली म्हणून क्लायस्ट्रॉन शांत झाला असेल, असं सर म्हणाले आणि मला ते पटलं. त्यांनी टिपण लिहून तज्ज्ञांना नागपूरला पाठवून दिलं. आता चुंबक इथेच राहणार, याविषयी आम्हा तिघांच्या मनात शंका नव्हती. भाऊ तर म्हैस व्याली म्हणून सांगत फिरत होते.

तज्ज्ञ यायचे त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मला उगाच वाटलं की आपल्या गावचं काहीतरी या यंत्रात घालून बघावं. आईच्या चुलीतली धानाच्या तुसाची राख मी घरून आणली होती. ती नळीत भरली. त्याच सहा रेघा. मला आनंद झाला. वाटलं, मँगनीज धानातही आहे. मग सागाच्या लाकडाचा भुगा घातला. त्याच सहा रेघा, तेवढ्याच उंच. मग आनंद थांबला. मी रिकामी नळी घातली. सहा रेघा. नळीच काढून घेतली. सहा रेघा.

स्क्रू काढून मी डबीचं झाकण उघडलं. आतून ती सोन्यासारखी लखलखत होती. पावसाळ्यात मी शेवटची उघडली होती तेव्हा ती काळवंडलेली होती. चारी कोपऱ्यांत, पत्रा जोडलेल्या फटीत, पांढरी बारीक पूड बसलेली होती. मी ती नखाने काढून बोटावर घेतली.

"भाऊ, ही डबी उघडली होती का कोणी?"

"मीच उघडलो ना. नवमीले. आतून कशी काळीमिट्ट झाली होती, पूजेत ठेवाले बरं नाई वाटे. चिंच लावलो न् रांगोळीनं घासलो. घरी बाई समई अशीच घासते." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "काऊन? चमकत नाई का?"

रांगोळी म्हणजे दळलेला पांढरा दगड. आमच्याकडे मिळते ती चुनखडीच्या जातीचीच. भाऊंच्या कपाटातली पुडी घेऊन मी चिमूटभर नळीत टाकली. सहा रेघा इतक्या मोठ्या आल्या की पेन कागदाच्या कडेला जाऊन आपटलं.

मला तिथेच दुसरीही गोष्ट कळली. डबी आतून घासली गेली म्हणून ती लहरी नीट धरायला लागली होती. चांदीच्या मुलाम्याने जे व्हायचं ते चिंचेने केलं होतं. मधली रेघ, कोळशाची, खरी होती आणि ती भाऊंमुळेच दिसली होती. खोटं काय ते तेवढ्या सहा.

सर तास संपवून आले. मी त्यांना पाचही कागद ओळीने मांडून दाखवले. त्यांनी एकेक कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

"उद्या सांगावं लागेल," मी म्हणालो.

"मी नाही म्हणालो का?" ते एकदम माझ्याकडे बघून म्हणाले. "तू असा बोलतोस, जसं काही मी लपवणार होतो."

मी कागद पुन्हा एकत्र केले. मग म्हटलं की आताच डबी पेट्रोलने धुऊन काढू, उद्या त्यांना स्वच्छ रेघ दाखवू आणि मग घडलेलं सांगू. सरांनी नकारार्थी मान हलवली.

"आधी धुतली तर पुरावाच गेला. टिपणात सहा रेघा लिहून पाठवल्यात मी. त्या कुठून आल्या हे त्यांच्या डोळ्यांनी त्यांना दिसू दे. मग त्यांच्यासमोरच धुऊ, मग कोळसा लावू. जे आहे ते क्रमाने."

मला ते फार आवडलं. पत्रकातही हाच क्रम असतो.

तज्ज्ञ दहाच्या सुमारास आले. एक उंच, एक गोरे, दोघेही घाईत. दुपारी त्यांना ताडोब्याला जायचं होतं, जीप फाटकात उभीच होती. सरांनी आधी रिकाम्या डबीच्या सहा रेघा काढून दाखवल्या. मग झाकण उघडून पांढरी पूड दाखवली. मग कसं झालं ते सांगितलं, भाऊंचं नाव न घेता, "साफसफाईत" एवढंच म्हणून.

उंच साहेबांना पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा ते जे हसायला लागले ते थांबेनात. "म्हणजे संशोधन चंद्रपूरचं आणि सिग्नल रांगोळीचा!"

"आता संक्रांतीला हळदीकुंकवाचाही स्पेक्ट्रम काढा," गोरे साहेब म्हणाले. "वाण काय देणार, क्लायस्ट्रॉन?"

भाऊ चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. त्यांना सगळं कळलं नसेल, पण रांगोळी कळली. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि मागच्या मागे बाहेर गेले.

"साहेब, मधली रेघ कोळशाचीच आहे," सर म्हणाले. "आता तुमच्यासमोर डबी धुतो. तासाभरात स्वच्छ रेघ दाखवतो."

"अहो, ती रेघ जगातल्या सगळ्या कोळशात येते. ती बघायला थांबायचं का आम्ही?"

मला राहवलं नाही. "जगात येते, पण इथे, या माणसाने बनवलेल्या यंत्रावर येते, हे बघायला थांबा."

गोऱ्या साहेबांनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. "आपण?"

"डेमॉन्स्ट्रेटर."

"कायम?"

"तात्पुरता," मी म्हणालो. ते सरांना म्हणाले, "पोरगा तिखट आहे," आणि कपातला चहा अर्धा टाकून उठले. उंच साहेबांनी जाताना सरांचा हात हातात घेतला. प्रामाणिकपणाचं कौतुकही केलं, खरोखर मनापासून केलं. पण जीपमध्ये बसताना त्यांना पुन्हा हसू आलंच.

खरं तेच आम्ही सांगितलं होतं. सगळं सांगितलं होतं. त्यातलं अर्धंच ऐकलं गेलं. जे हसण्यासारखं होतं ते. एका माणसाने गावच्या लेथवर, मोडीतल्या दिव्यावर, चंद्रपूरच्या उन्हात कोळशातले एकटे इलेक्ट्रॉन हुडकून काढले होते. हेही तितकंच खरं होतं आणि ते ऐकायला तासभर कोणाकडे नव्हता. हे दुःख मला तोवर कुठल्या पत्रकाने सांगितलं नव्हतं. खोटं बोलणाऱ्याशी कसं भांडायचं ते मला येत होतं. खरं ऐकून हसणाऱ्याशी कसं भांडायचं ते आजही येत नाही.

चुंबक परत न्यायचा निरोप आला तो अर्थातच लवकर आला. ट्रक आला त्या सकाळी हमाल बाहेर व्हरांड्यात बिड्या ओढत बसले होते. सर म्हणाले, "काढायच्या आधी एकदा चालवू."

"डबी?"

"धुऊ."

भाऊ कोपऱ्यात उभे होते. तज्ज्ञ येऊन गेल्यापासून त्यांनी यंत्राला फडकंही लावलं नव्हतं. सरांनी डबी सोडवून त्यांच्यापुढे धरली.

"मी नाई हात लावत सर आता तिले," भाऊ म्हणाले. "माझ्यापायी गेलं सगळं. लोकं हसून राह्यले तुमाले."

"भाऊ, तुम्ही घासली म्हणून कोळसा दिसला. मी वर्षभर करत होतो, मला जमलं नव्हतं. घासा. चिंच लावा, रांगोळी तेवढी नको."

"खरं सांगून राह्यले का मन राखाले?"

"या बाबूला विचारा. हा मन राखणाऱ्यातला आहे का?"

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली, आणि ते डबी घेऊन नळाकडे गेले. बराच वेळ घासत होते. मग मी ती पेट्रोलने धुतली, कोपरे काडीने कोरले, उन्हात वाळवली.

पाणी सोडलं, क्लायस्ट्रॉन तापू दिला, कोळशाची नळी आत सोडली. आम्ही तिघेही पेनाकडे बघत होतो. ते सरळ गेलं. पहिल्या तीन जागा आल्या आणि गेल्या, काही नाही. मग मधोमध ते एकदा वर गेलं, एकदा खाली आलं आणि पुन्हा सरळ चालू लागलं. एकच रेघ, दोन्ही बाजूंना काही नाही. इतकी स्वच्छ रेघ मी पुस्तकातही पाहिली नव्हती.

"एवढीच?" भाऊंनी विचारलं.

"एवढीच," सर म्हणाले. "पुन्हा घे रे."

मी पुन्हा घेतली. तीच आली, तिथेच आली. त्यांनी पुन्हा एकदा घ्यायला सांगितली. बाहेर ट्रकवाल्याने हॉर्न दिला. एक हमाल दारात येऊन म्हणाला, "साहेब, उचलाचं का? ऊन चढून राह्यलं." सर त्याला हो म्हणाले, पण मला थांबवलं आणि चुंबकाचं बटण स्वतःच्या हातात घेतलं. प्रवाह एकदम तोडला तर चुंबकाच्या तारेच्या वेटोळ्यांना धक्का बसतो, म्हणून तो हळूहळू उतरवायचा असतो. ते काट्यावर नजर ठेवून थोडं थोडं बटण फिरवत होते. उद्या सकाळी ते पुन्हा चालू करायचं असावं, इतक्या सावकाश.